मैदानाकडे पाठ

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही लेकीनं दिली. ती नर्स आहे, दुसऱ्या गावी असते. म्हणाली, "आई, तोंडात येईल ते या वहीत टाक, माणसांवर टाकू नकोस. तिसरी नोकरी गेली." गेली ती काय माझ्या चुकीनं? लाँड्रीच्या मालकाला मी एवढंच म्हटलं की चादर इस्त्रीनं जळली नाही, तुमच्या फोनवरच्या गप्पांनी जळली. खरं बोललं की लोकांना मिरच्या झोंबतात. असो. मी चौथी शिकलेली. काना-मात्रा चुकला तर चुकला, वाचणार कोण आहे.

नवी नोकरी लागली. फुटबॉलच्या मैदानावर झाडलोट. आमचे हे ऐकून म्हणाले, "तिथं नको. दुसरीकडे बघ." का नको ते सांगायचं नाही. हे गॅरेजात डेंटर आहेत, चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करतात. सहा दिवस पत्रा ठोकायचा आणि एक रविवार आड त्याच मैदानावर गोलामागच्या गॅलरीत जाऊन ढोल ठोकायचा. बावीस वर्षं हेच. मी एकदाही गेले नाही. घरात ठोकाठोक कमी आहे का, की बाहेर जाऊन बघू?

मला कळलं का नको ते. बायको झाडू मारताना दोस्तांनी पाहिली तर ढोलवाल्याची पत जाते. मी मागून ठणकावून सांगितलं, जाणार म्हणजे जाणार. तर यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. हल्ली ही नवीन खोड लागली आहे. मी स्वयंपाकघरातून घसा कोरडा करते, उत्तर नाही. लेकीचा फोन आला की "तूच बोल" म्हणून फोन माझ्या हातात. पोटच्या पोरीशी बोलायचा कंटाळा!

८ फेब्रुवारी, रविवार

आज पहिली मॅच झाली. काय लिहू तेच कळत नाही, पण लिहिते.

आम्ही तिघी बायका आणि वर एक मुकादम. मुकादमानं सांगून ठेवलंय, मॅच चालू असताना वर यायचं नाही, संपली की पिशव्या घेऊन यायचं. तोवर आम्ही गॅलरीच्या खालच्या खोलीत. झाडू, बादल्या, फिनेलचे डबे. खिडकी नाही. छत म्हणजे वरच्या पायऱ्यांचंच पोट, ते तिरकं उतरत येतं, मागं सरकलं की डोकं आपटतं.

आधी बादलीतलं पाणी हललं. कुणी हात लावला नव्हता. मधोमध एक गोल उठला, काठाला गेला, मागून दुसरा उठला. मग भिंतीला टेकवलेले पोछ्याचे दांडे टक टक करायला लागले. छताच्या फटीतून सिमेंटची बारीक धार माझ्या खांद्यावर सांडली. मी उठलेच. म्हटलं, "अगं पळा, इमारत पडते!" त्या दोघी हसून लोटपोट. एक म्हणते, "पडत नाही. तुझाच नवरा आहे तो वर."

आणि मग आवाज आला. आवाज कानानं ऐकतात, हा आधी तळपायातून आला, मग पोटात, कानाला सगळ्यात शेवटी कळलं.

मुकादम गेला खड्ड्यात, मी जिना चढून वर गेले.

सात हजार माणसं. आमच्या चाळीत दोन माणसं एका सुरात बोलत नाहीत, नळावर तर नाहीच नाही. इथं सात हजार तोंडं एकदम उघडत होती आणि एकदम मिटत होती. गाणं काय म्हणाल तर "वेळ आहे, वेळ आहे, अजून वेळ आहे." बस. एवढंच, परत परत. पोछा पिळता पिळता मी याहून बरं रचीन. पण सात हजारांनी म्हटलं की त्याचं काहीतरी वेगळंच होतं. मला खरंच वाटलं की अजून वेळ आहे. कशाला, ते नका विचारू.

आणि खाली जाळीपाशी एका उलट्या क्रेटवर आमचे हे. सगळं जग मैदानाकडे बघतंय आणि हा बाबा मैदानाला पाठ दाखवून उभा. शेजारच्या माणसाला म्हटलं, "हे काय, तिकीट काढून खेळाकडे पाठ?" तो म्हणाला, "ते आमचे पाठमोरे." मला वाटलं कुणा दुसऱ्याचं आडनाव सांगतोय. तर नाही, इथं यांना सगळे पाठमोरेच म्हणतात. "बावीस वर्षांत या बाजूचा एक गोल त्यांनी बघितला नाही. आमच्या तोंडांवरून त्यांना कळतं."

मग यांनी ढोलाचं टिपरू वर उचललं. सगळे गप्प. सात हजार श्वास अडकलेले मला ऐकू आले. टिपरू खाली, आणि एक टाळी. चौदा हजार हातांची एकच टाळी. वीज पडली तर दोनदा कडाडेल, ही एकदाच.

यांचा चेहरा मी पाहिला. अठ्ठावीस वर्षं संसार केला, हा चेहरा आमच्या घरी कधी आलाच नाही.

संध्याकाळी हे मोरीत हातपाय धूत होते. मी दारात उभी राहून म्हटलं, "अहो, मी बघितलं आज. फार भारी वाजवता तुम्ही." तोंडातून चांगलं निघायला मला किती कष्ट पडतात ते मलाच ठाऊक. हे पाय धूतच राहिले. मान वळवली नाही की हूं नाही की चूं नाही. वर्षातून एकदा कौतुक केलं तेही मोरीतून वाहून गेलं. आता परत करीन तर नावाची नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

किल्ली विसरले. दाराबाहेर दहा मिनिटं बेल दाबली, अंगठा लाल झाला. खिडकीतून बघते तर हे आत खुर्चीत बसलेत, पाठ माझ्याकडे, वर्तमानपत्र उघडं. शेवटी खिडकीच्या काचेपाशी जाऊन हात नाचवले, यांच्या वर्तमानपत्रावर सावली हलली तेव्हा उठले. म्हणतात, "बेल बिघडली वाटतं." बेल ठणठणीत वाजत होती. चाळीतले चौघे बाहेर आले बेल ऐकून! माणसानं किती आडमुठं असावं?

२२ फेब्रुवारी, रविवार

आज मुकादमालाच विचारून वर गेले. म्हटलं, खाली बसून तरी काय करू, बादल्या मोजू? तो म्हणाला, "बाई, तुम्हाला नाही म्हणायची माझ्यात ताकद नाही."

यांच्या बाजूला छोटा ढोल वाजवतो तो शिंपी. वीस वर्षांची दोस्ती, घरी येणं-जाणं, मी त्याला भाऊजी म्हणते. मध्यंतराला माझ्यापाशी येऊन बसला. मी विचारलं, एवढी माणसं एकदम कशी म्हणतात हो?

"कुठं एकदम म्हणतात वहिनी," तो म्हणाला. "आवाजाला पाय असतात. इथून त्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत चालत जायला त्याला वेळ लागतो. ते उशिरा ऐकतात, उशिरा म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत यायला परत उशीर. ढोलवाल्यानं ते ऐकलं की त्याला वाटतं मंडळी मागं पडली. मग तो थांबतो त्यांच्यासाठी. ते आणखी थांबतात. असं करत गाणं खाली बसतं, ओल्या पिठासारखं."

"आणि यांचं बसत नाही?"

"आधी बसायचं कधीकधी. मान वाकडी करून कोपऱ्याकडे कान द्यायचे बिचारे. दीड-दोन वर्षं झाली, कान देणंच सोडलं. नुसतं बघतात, लांबच्यांची तोंडं हलताना. बघायला वेळ लागत नाही ना? तेव्हापासून गाणं सरळ चाललंय, दोरी धरल्यासारखं." मग जवळ सरकून म्हणाला, "पण वहिनी, रागावू नका. हल्ली कुणाचं मनावर घेत नाहीत. मी मधूनच सांगितलं, दुसरं गाणं घेऊ, तर आपलंच चालू. पोरं म्हणतात पाठमोऱ्यांना गर्व झाला."

मी म्हटलं, "पोरांना सांगा, घरी पण तेच आहे."

८ मार्च, रविवार

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. पण लिहून टाकते.

दुसरा डाव चालू होता. आमची गॅलरी जोरात, हेही जोरात. पलीकडच्या गोलापाशी समोरच्या संघाचा एक खेळाडू पडला. आमच्याच माणसाचा पाय लागला. पडला तो उठेचना. मग त्याचा पाय भलतीकडेच वळलेला दिसला आणि त्याच्या शेजारच्या दोघांनी तोंडं फिरवली. गॅलरी गप्प झाली. पुढच्या ओळीपासून वरपर्यंत, दिवे जावेत तशी. दुसऱ्यांचा खेळाडू, तरी सगळे उभ्याउभ्या थिजले.

आणि यांचा ढोल चालूच.

एकटा. त्या शांततेत तो असला भयंकर वाटला. धडाम धडाम, मयतीच्या घरात कुणी भिंतीत खिळे ठोकावेत तसा. हे आमच्या तोंडांकडे बघताहेत, तोंडं बंद आहेत, तरी हे हात उंच करून "म्हणा, म्हणा" अशी खूण करताहेत. हसत! कुणीतरी ओरडलं, "लाज आहे का!" पाण्याची बाटली आली, यांच्या खांद्याला लागली. शेवटी भाऊजींनी यांचं मनगट धरलं. तेव्हा हे वळले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मॅच चालू असताना मैदानाकडे बघितलं, तर तिथं स्ट्रेचर.

यांनी ढोल खाली ठेवला आणि लोकांतून वाट काढत निघून गेले. लोक वाट देत होते, पण अंग चोरून.

मी गॅलरी झाडली. कधी नाही ते तोंड मिटून झाडली. मनात म्हटलं, घरी जाऊन याला सोडत नाही.

घरी आले. हे बाकड्यावर बसून खांद्याला मलम लावत होते, पाठ माझ्याकडे. मी सुरू झाले. पंधरा मिनिटं. जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा, त्या पोराच्या आईला काय वाटलं असेल, मला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली. शेवटी म्हटलं, "उद्यापासून मी या घरात राहत नाही. लेकीकडे जाते. ऐकलंत?"

हे वळले. मला बघून दचकले. म्हणाले, "अगं, कधी आलीस? चहा ठेवतेस?"

माझ्या हातात डब्याचं झाकण होतं. ते यांच्या पाठीमागं सोडून द्यावं म्हणून मी पलीकडे गेले. सोडलं. पितळी झाकण, फरशीवर गोल गोल वाजत फिरलं. हे मलमाची नळी पिळत होते.

मी खाली बसले. झाकण थांबेपर्यंत तिथंच बसले.

९ मार्च, सोमवार

समोर बसून विचारलं. तोंडावर तोंड आणून. हे आधी नाही नाही म्हणाले, मग म्हणाले, "डावा आधी गेला. उजव्यात नुसतं पाणी भरल्यासारखं सूं सूं. दोन वर्षं."

"सांगितलं का नाही?"

"तू साऱ्या गावाला सांगितलं असतंस."

असतं सांगितलं. खोटं कशाला लिहू?

"मग माझं बोलणं तुम्हाला कळतं कसं?"

"तू तोंड मोठं उघडून बोलतेस," हे म्हणाले. "बाकीचे ओठच हलवत नाहीत, पुटपुटतात नुसते. घरात मला सगळ्यात बरं तुझं कळतं. समोर असलीस की."

लोक माझ्या तोंडाला नावं ठेवतात. आज पहिल्यांदा ते कुणाच्या कामाला आलेलं ऐकलं.

मग मला मोरीतलं आठवलं. परत समोर जाऊन म्हटलं, "फार भारी वाजवता तुम्ही." हे म्हणाले, "डोकं फिरलंय का?" पण लाजले.

१२ मार्च, गुरुवार

कानाच्या डॉक्टरकडे नेलं. पत्र्याच्या ठोक्यांनी आणि ढोलानं कान गेले, परत येणार नाहीत. मशीन घेतलं तर घरात उपयोग होईल, गर्दीत त्याचा नुसता कल्लोळ होईल. यांनी एकच विचारलं, "ढोल?" डॉक्टरनं पुटपुटून काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, "डॉक्टर, तोंड उघडून बोला, फी पूर्ण दिली आहे." तर म्हणाला, "आता बिघडायचं राहिलंय काय? वाजवा. पण कान झाकून." चांगला माणूस.

१५ मार्च, रविवार

भाऊजींच्या दुकानात गॅलरीवाल्यांची बैठक झाली. मी पण गेले. जाण्याआधी यांनी माझ्याकडून वचन घेतलं की कानाचं बोलायचं नाही. म्हणाले, "दया नको. बहिरा ढोलवाला म्हणून टाळ्या वाजवतील, ते नको."

गॅलरीचा सेक्रेटरी म्हणजे एक चष्मेवाला, कुठल्याशा ऑफिसात असतो. त्यानं सगळं मांडलं. दुसऱ्या संघाचं पत्र आलंय. आपली अब्रू गेली. पाठमोऱ्यांचा मान आहे, पण आता ढोल शिंप्याकडे द्यावा. एक जण म्हणाला, ढोलच कशाला, लाउडस्पीकरवर गाणी लावू. दहा माणसं एकदम बोलत होती, कापडाच्या ताग्यांआडून, शिलाई मशीनमागून. हे एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर नजर फिरवत होते, रस्ता ओलांडताना गोंधळलेला माणूस बघतो तशी. एकानं तर यांच्या पाठीमागून म्हटलं, "बघा, उत्तर द्यायची पण तसदी नाही."

मी जीभ दाताखाली धरली होती. घरी येऊन आरशात बघितलं, वण उठलाय. आयुष्यात एवढं गप्प मी बसले नव्हते.

ढोल भाऊजींना दिला. घरी यायच्या रस्त्यात हे हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे चालत होते.

२२ मार्च, रविवार

हे येणार नव्हते. मी म्हटलं, या. मुकाट्यानं आले. मधल्या पायऱ्यांवर लोकांत उभे राहिले, सगळ्यांसारखं मैदानाकडे तोंड करून. पण मी बघत होते, नजर काही खेळावर ठरेना. शेजाऱ्यांची तोंडं बघत होते.

भाऊजी क्रेटवर चढले. माणूस सज्जन, हात पण बरा. पण त्यांना ऐकू येतं ना! लांबच्या कोपऱ्याचा उशिरा येणारा आवाज ऐकला की थांबायचे. गाणं दहा मिनिटांत बसलं. मग डावीकडच्यांनी आपलंच वेगळं धरलं, उजवीकडचे टाळ्याच वाजवत बसले. सात हजार माणसं होती, पण बाजारात असतात तशी. खाली आपला संघ एका गोलानं मागं. मला इतकं वाईट वाटलं की मलाच नवल वाटलं. महिन्याभरापूर्वी मला फुटबॉलला किती माणसं लागतात ते माहीत नव्हतं.

मध्यंतराला भाऊजी घामानं निथळत खाली उतरले. हे त्यांच्यापाशी गेले. मी मागोमाग. यांना फक्त भाऊजींच्या कानात सांगायचं होतं. पण आपला आवाज किती चढतो ते आता यांना कळत नाही.

"मला ऐकू येत नाही!"

आसपासच्या सगळ्यांना गेलं ते. चारशे-पाचशे माणसं वळली. हे पुढं बोलतच होते, ओरडून, त्यांना वाटत होतं हळू बोलतोय. "दोन वर्षं झाली. त्या दिवशी तो पोरगा पडला, मला कळलं नाही. मी कुणाचा अपमान केला नाही रे. मला कळलंच नाही."

कुणी हसलं नाही. कुणी च् च् पण केलं नाही. भाऊजींनी डोळे पुसले नि एकदम चिडले, "गाढवा, मला सांगायचं नाही का!" वीस वर्षांची दोस्ती, तेवढा हक्क आहे.

चष्मेवाला पुढं आला. चांगल्या शब्दांत, पण विचारलंच. "ते सगळं ठीक. पण थांबायचं कधी, ते यांना कळणार कसं?"

वचन मोडायचं माझ्यावर आलंच नव्हतं, यांनीच मोडलं होतं. मग मी कशाला गप्प बसू? म्हटलं, "मी आहे ना. पहिल्या ओळीत यांच्या समोर उभी राहीन. मला मैदान दिसतं, यांना मी दिसते. मी मूठ वर केली की ढोल बंद. आणि मला कुठलं गाणं सांगायचं ते सांगा, मी यांना सांगते. माझं तोंड आख्ख्या गावाला कळतं."

वरून कुणीतरी ओरडलं, "लाँड्रीवाल्याला विचारा!" सगळे हसले. मी पण.

हे क्रेटवर चढले. लांबच्या कोपऱ्याकडे बघितलं, जवळच्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडून म्हटलं, "वाजवा."

पहिल्या चार ठोक्यांत डावे-उजवे एक झाले. मी डोळ्यांनी बघितलं. सांडलेले मणी कुणीतरी दोऱ्यात ओवावेत तसे. मॅच बरोबरीत सुटली. चष्मेवाला माझ्यापाशी येऊन म्हणाला, "शेवटच्या मॅचला बघू. तेव्हा नीट झालं तर ढोल त्यांचाच."

२८ मार्च, शनिवार

घरात सराव चालू आहे. मी स्टुलासमोर उभी, हे स्टुलावर, ढोलाऐवजी उशी. मूठ म्हणजे थांबा. पंजा म्हणजे टाळी. तोंडानं गाण्याचा पहिला शब्द. काल भाजी जळली म्हणून मी कपाळावर हात मारला तर हे विचारतात, "हे कुठलं गाणं?"

५ एप्रिल, रविवार

शेवटची मॅच. आज हरलो तर संघ खालच्या गटात जाणार होता.

खेळ सुरू व्हायच्या आधीच लाउडस्पीकरवर सांगितलं, मैदानाचा जुना फाटकवाला गेला, त्याच्यासाठी एक मिनिट शांतता. यांना त्यातलं काही कळणार नव्हतं. हे हातात टिपरू घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मूठ वर केली.

यांनी दोन्ही हात ढोलावर पालथे ठेवले. आणि सगळी गॅलरी, अगदी लांबचा कोपरासुद्धा, माझ्या मुठीकडे बघत गप्प झाली.

सात हजार माणसांचं गप्प बसणं कुणी ऐकलंय का? गाण्यापेक्षा मोठं असतं ते. झेंड्याची दोरी खांबाला टिचक्या मारत होती ती ऐकू आली. वर कुणाचं तान्हं होतं, त्याची उचकी ऐकू आली. मला वाटलं, माझ्या मुठीत काहीतरी जिवंत धरलंय, पाखरासारखं, आणि मूठ जरा हलली तर उडेल. हात भरून आला तरी हलू दिला नाही. तो चष्मेवाला बाजूला उभा होता. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला.

पंचानं शिट्टी मारली. मी मूठ खाली आणली. आणि शिट्टी विरायच्या आत ढोल.

त्यानंतर काय काय झालं ते सगळं मला सांगता येणार नाही. मी मैदान बघत होते, हे मला बघत होते. चेंडू आपल्या माणसाकडे आला की माझे डोळे मोठे व्हायचे आणि ढोल वाढायचा. गेला की ओठ मिटायचे, ढोल उतरायचा. मी काही ठरवून करत नव्हते. मला बघून हे वाजवत होते, आणि यांना बघून सात हजार. म्हणजे माझ्या मनात जे येत होतं ते चौदा हजार हातांत जात होतं. मला भीती वाटली खरं सांगायचं तर. मनात वाईटसाईट येऊ नये म्हणून जपत होते.

आपण हरलो. एक शून्य. शेवटच्या पाच मिनिटांत गोल खाल्ला. संघ खाली गेला. खेळाडू मैदानातच बसले, एक जण गवतात तोंड घालून पडला.

मला वाटलं आता सगळे घरी जातील. ढोल थांबला होता. हे माझ्याकडे बघून भुवया उडवत होते, काय झालं? मी तोंडानं सांगितलं, "हरलो." यांनी मान हलवली. मग टिपरू माझ्याकडे करून विचारलं, काय करू?

मला काय ठाऊक? मी झाडूवाली. पण तो गवतातला पोरगा दिसत होता ना मला. मी म्हटलं, "वाजवा हो. वेळ आहे."

आणि सुरू झालं. आधी हळू. हरलेल्या माणसांचं गाणं वेगळं असतं, त्यात ओरडणं नसतं. एकेक ओळ वरून खाली येत होती, आणि तो पोरगा आधी गुडघ्यावर उठला, मग उभा राहिला. मग सगळा संघ चालत जाळीपाशी आला, यांच्या पाठीमागं, आणि तिथं उभा राहिला. ते पण म्हणायला लागले. हे बघत नव्हते, यांना पत्ताच नाही की पाठीमागं अकरा जण उभे आहेत. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वळले असते, आणि मग गाणं बसलं असतं.

वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. एक माणूस हलेना. चष्मेवाला गात होता, बेसूर. भाऊजींचा छोटा ढोल यांच्या मागोमाग.

मुकादम आला. पिशव्यांचा गठ्ठा काखेत. म्हणाला, "बाई, फाटक बंद करायची वेळ झाली. आम्ही झाडायचं कधी? तुम्ही ती मूठ वर करा, सगळे गप्प बसतील, घरी जातील."

खरं होतं. मी मूठ वर केली असती तर सात हजार माणसं घरी गेली असती. मला जन्मात कधी थांबायला आवडलं नाही. रांगेत मी थांबत नाही, दूध तापेपर्यंत मी थांबत नाही.

मी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"बाई!" मुकादम म्हणाला.

"ऐकू येत नाही," मी म्हटलं.

हे वाजवत होते. दोन-अडीच तास या माणसानं माझ्या तोंडावरून नजर हलवली नव्हती. एवढं तर लग्नात पण बघितलं नव्हतं मेल्यानं.